तोमेच्या होडीत नवतरुण मंडळ

दत्तप्रसाद गाडच्या तोंडी एक शब्द कायमचा मुक्कामाला होता: ‘जाता.’ होईल, करतो, आणून देतो, बघून घेतो, ही सगळी कामं तो त्या एका शब्दात उरकायचा. शेजाऱ्याला नारळ उतरवायला माणूस मिळत नाही? जाता. मावशीच्या सुनेला म्हापशाच्या डॉक्टरकडे न्यायचंय? जाता. देवळाच्या वर्गणीसाठी उन्हातून घरोघर फिरायला कुणी तयार नाही? दत्ताक सांग, तो जाता म्हणतलो. लोक म्हणत, दत्ता म्हणजे सोन्यासारखा माणूस. सोनं हवं तसं ठोकून वाकवता येतं, हा त्यातला खरा अर्थ. पण तो कुणी बोलून दाखवत नसे.

डिचोली तालुक्यात खाणी जोरात होत्या तेव्हा तो मुळगावच्या बाजूला एका खाणीच्या काट्यावर होता. ट्रक काट्यावर चढायचा, दत्तप्रसाद वजन टिपायचा, ट्रक उतरायचा. जास्त भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून हात जोडून हसला, की हासुद्धा हसायचा. पुढे खाणी बंद पडल्या. त्या काही त्याच्या हसण्यामुळे पडल्या नाहीत, पण घरी बसून त्याने तेही मनाला लावून घेतलं.

बायको विनिता अंगणवाडीत होती, म्हणून चूल पेटती राहिली. ती दुपारी घरी यायची तेव्हा हा आंब्याच्या झाडाकडे बघत बसलेला असायचा. त्याच दिवसांत त्याची भाची सुट्टीला आली आणि जाताना घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये एक जपानी ॲनिमे मालिका ठेवून गेली. नवराबायकोने ती सहज म्हणून लावली आणि दोघं त्यात पुरते अडकले.

तोमे नावाची एक मुलगी नदीवर होडी चालवते. नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ कधी दिसतच नाही. प्रत्येक भागात नवा उतारू. कुणी भावाला शोधायला निघालेला, कुणी लग्नमंडपातून पळालेली, एकदा तर नुसतं एक बोलकं कासव. त्यांना ती नदीतल्या बेटांवर सोडते. तिला स्वतःला पलीकडच्या काठावर जायचं असतं, पण ती जरा पुढे जाते न जाते तोच मागून कुणीतरी ओरडतं, ‘ए तोमे!’ आणि ही वेडी होडी वळवते. दत्तप्रसादला ही मुलगी इतकी का आवडली, हे ओळखायला फार हुशारी नको.

खालची इंग्रजी अक्षरं विनिताला भराभर वाचता येत नसत. मग तो प्रत्येक वाक्याला मालिका थांबवायचा. ती ओठ हलवत वाचायची, मान डोलवायची, मग पुढे. एक भाग त्यांना अख्खी दुपार पुरायचा. त्या दुपारी त्यांच्या संसारातल्या सगळ्यांत चांगल्या दुपारी होत्या आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटच्या भागात तोमेने मागच्या हाका न ऐकता होडी सरळ पुढे घातली, धुकं विरळ झालं, आणि मालिका संपली. काढणारी कंपनी बुडाली होती म्हणे. पुढचा भाग कधी आलाच नाही.

‘इतलें पळयलें, आनी मेल्यांनी तिका देंवूंकच दिली ना!’ विनिता चिडून म्हणाली. तोमे काठावर उतरली नाही हा तिला आपला स्वतःचा अपमान वाटत होता. त्या दिवशी तिने आमटीत मीठ दोनदा घातलं.

‘हांव देंवयतां तिका,’ दत्तप्रसाद म्हणाला.

तोमेला काठावर उतरवायचं, हे कुणी न मागता त्याने दिलेलं आयुष्यातलं एकमेव वचन.

टीव्हीला जोडायचे जुने गेम अनेकांना आठवत असतील. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांच्या पिवळ्या कॅसेटी मिळत. वर लिहिलेलं असे हजार खेळ, आत निघत पाच. जगात अजूनही काही वेडे आहेत, जे आवडत्या मालिकांचे तसल्या जुन्या थाटाचे खेळ बनवतात आणि विकत नाहीत, एकमेकांना फुकट वाटतात. दत्तप्रसाद त्यांच्यात जाऊन बसला. इंटरनेटवरून शिकत, चुकत, पुन्हा शिकत त्याने ठिपक्याला ठिपका जोडून नदी केली. मधल्या काळात त्याला औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कारखान्यात कोठाराची नोकरी लागली, तरी रविवार नदीचाच राहिला.

अशा कॅसेटीत जागा फार थोडी. हल्लीच्या मोबाईलमधला एक फोटो मावणार नाही तेवढ्यात नदी, धुकं, बेटं, धबधबा, कासव आणि तोमेची तीन सुरांची शिट्टी, सगळं कोंबायचं. काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला कुठे किती भार बसतो हे कळत होतं. त्याने सगळं बेताने बसवलं आणि शेवटच्या दृश्यापुरती जागा राखून ठेवली. काठ, गवत, आणि होडीतून उतरणारी तोमे. ते दृश्य तो सगळ्यांत शेवटी, निवांत करणार होता. विनितानेही ठरवलं होतं, खेळ पुरा झाल्याशिवाय बघायचा नाही आणि बघायचा तो पहिल्यापासून, स्वतः खेळून.

इथवर सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते कौतुकाने.

त्याने नदीची दोन-चार चित्रं त्या वेड्यांच्या गटात टाकली. ब्राझीलच्या कुणीतरी वाहवा केली, जपानच्या एका बाईने रडका चेहरा पाठवला. ते डिचोलीतल्या एका बातमीवाल्याच्या हाती लागलं आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बातमी फिरू लागली: ‘तालुक्याच्या सुपुत्राची जपानमध्ये भरारी.’ सुपुत्र तोवर सावंतवाडीच्या पुढे गेला नव्हता.

संध्याकाळी कृष्णनाथबाब दारात. हे नवतरुण नाट्य मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचं नाव पडलं तेव्हा ते खरं होतं. आता सगळ्यांत तरुण सभासदालाही चाळिशीचा चष्मा होता. यंदा मंडळाचं सुवर्णमहोत्सवी वर्ष. दरवर्षी जत्रेला मंडळाचं नाटक व्हायचं आणि त्याचा एक नियम होता. गावातली जी मूळ घराणी, ज्यांना इकडे वांगड म्हणतात, त्यांतल्या प्रत्येकाला नाटकात भूमिका मिळालीच पाहिजे. मिळाली नाही, तर ते वांगड मांडवाखाली पाऊल ठेवत नाही. म्हणून या गावच्या नाटकांत राजाला सेनापती भरपूर असत आणि सैन्य मुळीच नसे. पण हल्ली भाषणं कुणाला पाठ होत नव्हती, आणि गेल्या वर्षी सिंहासनावर बसलेल्या राजाला गुडघ्यांमुळे उठताच आलं नव्हतं. पडदा त्याच्यावरच पाडावा लागला.

‘दत्ता, औंदूं नाटक ना,’ कृष्णनाथबाब खुर्चीत बसत म्हणाले. ‘तुझो खेळ तेंच नाटक.’

‘कृष्णनाथबाब, तो टीव्हीर खेळपाचो खेळ.’

‘जाणां रे. पात्रां कितलीं?’

‘एक. तोमे.’

‘एकच? आनी मगे गावान कितें करचें?’

दत्तप्रसादने विनिता होती तिकडे बघितलं. ती चहा ठेवायला आत गेली होती. त्याने पुन्हा कृष्णनाथबाबांकडे बघितलं. ‘जाता,’ तो म्हणाला.

रविवारी देवळाच्या चौकात बैठक भरली. तोमे कोण, कुठली, नदी कसली, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. होडी आहे एवढं कळल्यावर पहिला प्रश्न आला तो बाबाजींकडून, होडीत पुढे कोण बसणार? बाबाजी म्हणजे दुसऱ्या वांगडातले ज्येष्ठ. देवळात प्रसाद आधी कुणाच्या हातावर पडावा यावरून त्यांच्या आजोबांनी कोर्टात जन्म काढला होता.

‘आमच्या वांगडाचो मनीस फाटल्यान बसचो ना,’ त्यांनी जाहीर केलं.

तिसऱ्या वांगडाने तेच म्हटलं, चौथ्यानेही तेच. सगळ्यांना पुढेच बसवायचं तर होडी रुंद करावी लागत होती. ती इतकी रुंद झाली, की दोन्ही बाजू पडद्याबाहेर गेल्या आणि नदी दिसेनाशी झाली. शेवटी असं ठरलं, की एकेका वांगडाने एकेक बेट घ्यावं. बेटावर त्या वांगडाच्या ज्येष्ठाचा चेहरा, खाली नाव, आणि तोमेने तिथे होडी लावून नमस्कार करायचा. नमस्कार झाल्याशिवाय होडी पुढे सरकता कामा नये. ही सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

ठिपक्यांत चेहरा ओळखू यायचा, तर त्याला जागा लागते. एक चेहरा म्हणजे एक धबधबा, हे दत्तप्रसादला घरी बसल्यावर कळलं. बाबाजी आत आले, धबधबा गेला. तिसऱ्या वांगडाचे काका आले, धुकं गेलं. चौथ्याला मिशी हवी होती. मिशीने शिट्टीचे तिन्ही सूर खाल्ले. एवढं करून तयार झालेले चेहरे सगळे सारखेच. टक्कल आणि मिशी याच्यापलीकडे ठिपक्यांची मजल जात नव्हती.

‘हो हांव?’ बाबाजी पडद्याला नाक लावून म्हणाले. ‘हो चवथो वांगड दिसता.’

‘सकयल नांव आसा, बाबाजी.’

‘नांव चड व्हड कर.’

‘जाता.’

नाव मोठं झालं आणि कासव गेलं.

मग सुरुवातीला देवाला गाऱ्हाणं हवं होतं. गाऱ्हाण्यावाचून गावात विहिरीचा पंपसुद्धा सुरू होत नाही. तेही बरोबरच होतं. गाऱ्हाण्यानंतर देणगीदारांची नावं, नावांनंतर स्वागताध्यक्षांचे दोन शब्द. खेळणाऱ्याने बटण दाबून ते ओलांडू नयेत अशी तरतूद करण्याची सूचनाही आली. दत्तप्रसाद रविवारमागून रविवार बसून नदी आटवत होता. रागवत का नव्हता? रागवत होता. पण त्याचा राग म्हणजे बिनहवेची सायकल. आवाज करायची, पुढे जायची नाही.

एवढं करूनही त्याने शेवटच्या दृश्याची जागा हातची सोडली नव्हती. सगळं गेलं तरी चालेल, तोमे तेवढी उतरली पाहिजे, असं तो स्वतःला सांगत होता. आणि जत्रा तोंडावर आली असताना कृष्णनाथबाब पुन्हा आले.

‘सगले बेटांर बसले. आनी अध्यक्ष खंय?’

‘तुमचें नांव पयलेंच आसा, कृष्णनाथबाब. गाऱ्हाण्यांत.’

‘नांव आसा रे. पूण शेवटाक, त्या काठार, कोणतरी व्हड मनीस नाका? इतली न्हंय पार करून चली येतली, तिका येवकार दिवपाक, तिच्या स्वागताक? हांव उबो रावतां थंय. हार घालून.’

दत्तप्रसादच्या घशाशी शब्द आला. छोटासा होता, एका अक्षराचा. आतल्या खोलीत विनिता अंगणवाडीच्या मुलांसाठी कागदाची फुलं कापत होती, कात्रीचा आवाज येत होता. तो आवाज ऐकत त्याने तोंड उघडलं.

‘जाता,’ तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

जत्रेच्या संध्याकाळी मांडवात टीव्ही ठेवला, त्याला हार घातला, त्याच्यापुढे नारळ फोडला. नारळाचं पाणी थोडक्यात हुकलं. मागे मोठा फलक लावलेला, त्यावर सगळ्या ज्येष्ठांचे खरे रंगीत फोटो आणि एका कोपऱ्यात दत्तप्रसादचा, तोही निम्मा. घरी कोकणी बोलणारे कृष्णनाथबाब माईक हातात येताच शुद्ध मराठीत शिरले आणि ‘आजच्या या यंत्रयुगात’ इथून निघून जपानमार्गे मंडळाच्या स्थापनेपर्यंत जाऊन आले. तोमेचं नाव त्यांनी एकदाच घेतलं, तेही ‘टोमॅटो’च्या जवळपास जाणारं.

मग तालुक्यातल्या बड्या पाहुण्यांच्या हाती खेळाचं बटण-यंत्र दिलं. त्यांनी ते सवयीने तोंडाशी धरलं आणि म्हणाले, ‘नमस्कार.’ दत्तप्रसादने ते हळूच खाली करून दिलं. गाऱ्हाणं सरकलं, देणगीदार सरकले, स्वागताध्यक्ष सरकले, पाहुण्यांना जांभई आली. अखेर होडी निघाली आणि सरळ पहिल्या खडकावर जाऊन बुडाली. मांडवाने कडकडून टाळ्या वाजवल्या. बुडायचंच असतं, असा सगळ्यांचा समज झाला. पाहुण्यांना शाल घातली, त्यांनी घड्याळ बघितलं, आणि लोक भज्यांकडे वळले. एकही बेट कुणाच्या नजरेला पडलं नाही. अध्यक्षांचा काठ तर फारच दूर.

दत्तप्रसाद टीव्हीजवळ उभा राहिला. ज्यांच्यासाठी धबधबा गेला, धुकं गेलं, शिट्टी गेली, त्यांतल्या एकानेही मागे वळून पडद्याकडे बघितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर विनिताने पदर खोचला आणि टीव्हीपुढे बसली. दत्तप्रसादने वेगवेगळी कारणं काढून बघितली, वायर सैल आहे, वीज जाईल, आज नको. ती ऐकणारी नव्हती. तिने गाऱ्हाण्याला हात जोडले. खडकावर बुडाली, पुन्हा निघाली. बेटाबेटावर टक्कल-मिशीला नमस्कार करत गेली आणि प्रत्येक वेळी नवऱ्याकडे बघत गेली. धबधबा कुठे आहे, तिने विचारलं. मग धुकं कुठे, मग कासव. तो ‘जागा उरूंक ना’ एवढंच म्हणत राहिला. ऊन अंगणातून ओट्यावर चढलं तेव्हा काठ आला. काठावर हार घातलेले कृष्णनाथबाब उभे होते. खाली अक्षरं उमटली: ‘अध्यक्षांचे मनोगत.’ ते सरकून संपलं आणि पडदा काळा झाला.

विनिता काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

‘तोमे खंय?’

‘विनी, जागा...’

‘तोमे खंय म्हणून विचारतां हांव.’

ती उठली. तिचा आवाज चढला नाही, त्याचीच त्याला भीती वाटली.

‘सगल्या गावाक तुमी जाता म्हणटात. म्हणात. हांव केन्ना आड आयलें? नारळ, दवाखानो, वर्गणी, सगलें सोसलें. माका एकच म्हटिल्लें तुमी. तिका देंवयतां म्हटिल्लें. आनी देंवलो कोण? कृष्णनाथ!’

ती आत गेली. थोड्या वेळाने आतून नाक ओढल्याचा आवाज आला. दत्तप्रसादला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. मग त्याने शर्ट घातला, चपला अडकवल्या आणि कृष्णनाथबाबांच्या घरी गेला.

कृष्णनाथबाब बलकांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, सिमेंटच्या बाकावर बसून चहात उंडो पाव बुडवत होते. दत्तप्रसाद पायरीवरच थांबला.

‘कृष्णनाथबाब, हांव तुमकां त्या काठावयल्यान काडटां. तुमकां आनी सगल्यांकच. बेटां, नांवां, सगलें. हें माका जावचें ना. ना म्हणजे ना.’

बोलून झालं आणि तो वीज पडायची वाट बघत उभा राहिला. पिढ्यान् पिढ्यांचा मान, वांगडांचा रुसवा, गावात तोंड दाखवायची सोय नाही, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. कृष्णनाथबाबांनी उंड्याचा भिजलेला तुकडा तोंडात टाकला, नीट चावला.

‘काड मरे,’ ते म्हणाले. ‘बोर्डार फोटो आसा न्हय आमचो? तो मात काडूं नाका. तुझ्या त्या कॅसेटीत कितें आसा तें कोण पळयता?’ आणि आत वळून ओरडले, ‘दत्ताक च्या हाड गो!’

दत्तप्रसाद चहा न पिता परत आला. वाटेत त्याला हसू येत होतं आणि हसता हसता रडूही. एवढ्या स्वस्तात मिळणारी गोष्ट त्याने उभ्या जन्मात कधी मागून बघितली नव्हती.

त्याने पहिलं काम केलं ते अध्यक्षांना पुसण्याचं. मग बाबाजी गेले, मिशा गेल्या, देणगीदार गेले. जसजसे लोक उतरत गेले तसतशी नदी भरत आली. गाऱ्हाण्याच्या चार ओळी त्याने ठेवल्या, देवाने जागा फारशी अडवली नव्हती. फलक मंडळाच्या खोलीत लागला आणि कृष्णनाथबाब येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवून सांगत राहिले, की जपानी खेळात आपणही आहोत. गावात कुणाचाच मान कमी झाला नाही.

शेवटचं दृश्य करायला त्याला बरेच रविवार लागले. मग एका दुपारी विनिता पुन्हा टीव्हीपुढे बसली. या वेळी ती खडकावर बुडाली नाही. धबधब्यापाशी थांबली, कासवाला उगाच एक फेरी मारून आणली. धुकं विरळ झालं, काठ आला. तोमेने वल्हं होडीत ठेवलं, एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा गवतावर. आणि ती चालू लागली, पाठमोरी, सावकाश. विनिताच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिने पुसलंही नाही.

मग ती म्हणाली, ‘पूण थंय कोणूच ना तिका. इतलें करून आयली ती, आनी काठार एकय मनीस ना.’

‘आतां जागा आसा,’ दत्तप्रसाद म्हणाला. ‘कोणाक उबो करूं?’

विनिताने खूप विचार केला. पडद्यावरची तोमे गवतातून चाललीच होती.

‘नाका,’ ती म्हणाली. ‘चलूं दियात तिका. थंय तरी तिका कोण हाक मारचो ना.’